मडगाव, मीटर वाचताना

मडगावचा नकाशा मला विचारू नका,
आकडे विचारा.
तेहतीस वर्षं मी या गावाच्या भिंती वाचल्या,
कोंब ते मालभाट, मालभाट ते बोर्डा,
खांद्यावर झोळी, कानावर पेन्सिल
आणि खिशात कुत्र्यांसाठी कालचे उंडे.

सकाळी पोदेराचा भोंपू माझ्याआधी गल्लीत शिरतो.
कोंबाचं फाटक पडलं की सगळेच थांबतात :
मासळीची रिक्षा, शाळेची बस, स्कूटरवरचा पाद्री,
एकदा तर प्रेताची गाडीही, इंजिन बंद करून.
मी तेवढ्यात रुळांकडेच्या चाळीचं रीडिंग उरकतो.

नव्या बाजारात बाबनी कारापूरकराच्या दुकानातला मीटर
कापडाच्या ठाणांमागे आहे.
दर महिन्याला तो मलमल, पॉपलिन, गणवेशाची निळी खादी
बाजूला सारतो, घामाघूम होतो
आणि म्हणतो, पुढच्या खेपेला जागा बदलतो.
त्याचा बापही हेच म्हणायचा.

घाऊक मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात
चकती अशी पळते
जणू तिला रात्रीची गाडी गाठायची आहे.
तिथं पहाटे तीनला ओडिशाची पोरं लाद्या फोडतात.
त्यांच्या खोलीत एक बल्ब, नऊ चार्जर,
आणि भिंतीवर कुणाच्या तरी बाळाचा फोटो.

आकड्यांना जात नसते म्हणतात.
असेलही.
पण चवथीला ते एका वाड्यात फुगतात, फेस्ताला दुसऱ्या,
आणि रोज्यांच्या महिन्यात मालभाटात पहाटेच जागे होतात.
आकड्यांवरून मला कळतं
कुणाची लेक बाळंतपणाला आली,
कुणी तवेर्न बंद केली,
कोण आता एकटं जेवतं.

बोर्ड्यात मात्र माझी पेन्सिल आळशी होते.
शिंपल्यांच्या खिडक्या, बाल्कांवावर आंब्याची वाळकी पानं.
माणसं लिस्बनला, स्विंडनला, टोरांटोला.
मी लिहितो : कुलूप. शून्य.
पुढचं घर : कुलूप. शून्य.

एका घराचं गणित जुळायचं नाही.
मिनेझिसांचं घर, अकरा वर्षं बंद,
आणि दर महिन्याला दोन युनिटं.
गळती, असा शेरा मी मारत राहिलो.
दोन युनिटांसाठी वर कुणाला वेळ नव्हता.

निवृत्तीला सहा दिवस उरले तेव्हा
मी संध्याकाळचा तिथं गेलो, बिनकामाचा.
शेजारची एस्कोलास्तिका, ऐंशीच्या पलीकडची,
कमरेच्या जुडग्यातली किल्ली चाचपत होती.
आत गेली, बटण दाबलं.
बाल्कांवावर पिवळा दिवा.
पदराबिदराचा प्रश्न नाही, फ्रॉकच्या टोकानंच तिनं सोपो पुसला
आणि बसली.

किती वेळ, बाय?
आंजेलूसची घंटा ते माझं जेवण.
इनासिना जाताना म्हणाली होती,
घर काळोखात ठेवू नको, नाहीतर ते माणसं विसरतं.
बिल मीच भरते. अंडी विकते ना मी.

येणार आहे ती?

वारली. मार्चात. तिथंच माती दिली.

दिव्याभोवती दोन किडे धडपडत होते.
मग आता कशाला, असं मी विचारलं नाही,
तरी तिनं ऐकलं.
म्हणाली, घराला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी वही काढली.
गळती हा शब्द खोडला.
त्याच्या जागी काय लिहावं सुचेना,
शेऱ्याचा रकाना तसाही बोटभर असतो.

पुढच्या वर्षापासून म्हणे मीटर
आपला आकडा आपणच कळवणार, हवेतून.
माणूस लागणार नाही.
तरी माझ्या जागी आलेल्या पोराला मी सांगून ठेवलंय :
बोर्ड्यात दोन कुत्री आहेत, एक लंगडं.
जाताना उंडे घेऊन जा.